मज्जारज्जूग्रस्त व्हीलचेअरधारकांची शारीरिक क्षमता चाचणी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप
(दासगाव-महाड परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

शारीरिक क्षमता चाचणी हा महाविद्यालयीन शारीरिक शिक्षणाचा गाभा मानला जातो. मात्र प्रचलित चाचण्या धावणाऱ्या, उडी मारणाऱ्या, उभ्या राहू शकणाऱ्या शरीराला गृहीत धरून रचलेल्या आहेत. मज्जारज्जूला इजा झाल्यामुळे व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत या चाचण्या, तसेच त्यांची रूपांतरे, नेमके काय मोजतात याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. चाचणीचा आकडा व्यक्तीच्या क्षमतेबरोबरच इजेची पातळी, खुर्चीचा दर्जा, जमिनीचा उतार आणि हवामान यांचेही मिश्रण असतो, हे दासगावसारख्या डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या गावाच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : मज्जारज्जू इजा, व्हीलचेअर, क्षमता चाचणी, हृदयगती, चढ, समावेशन.

प्रस्तावना

महाड तालुक्यातील दासगाव हे सावित्री नदीच्या खाडीवरील जुने बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून जलमार्गाने याच बंदरात उतरले आणि तेथून सुमारे ५ मैल चालत महाडला गेले. चवदार तळ्याचा प्रश्न पाणी पिण्याच्या शारीरिक क्षमतेचा नव्हता, तो पाण्यापर्यंत पोहोचू देण्याचा होता. क्षमता आणि प्रवेश या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा या परिसराने देशाला दिला. क्षमता चाचणीच्या शास्त्रात मात्र या दोहोंची गल्लत अजूनही होताना दिसते.

याच दासगावाने २००५ च्या जुलैमध्ये दुसरा अनुभव घेतला. त्या महिन्याच्या अखेरच्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या महाड तालुक्यातील गावांवर दरडी कोसळल्या आणि मोठी जीवितहानी झाली. २०२१ च्या जुलैमध्ये तळीये येथे तसाच प्रसंग ओढवला. डोंगरउतारावरील वस्ती, पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या पाखाड्या आणि गावाला लागून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग अशी येथील भूमी आहे. झाडावरून किंवा उंचावरून पडणे आणि रस्ते अपघात ही भारतात मज्जारज्जूच्या इजेची प्रमुख कारणे मानली जातात आणि कोकणच्या जीवनक्रमात ती दोन्ही परिचित आहेत. अशा गावातील एखादा तरुण इजेनंतर व्हीलचेअरवर महाविद्यालयात आला, तर शारीरिक शिक्षण विभाग त्याची क्षमता कशी मोजणार? आणि मोजून काय करणार? या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने पुढील विवेचन केले आहे.

प्रचलित चाचण्यांची परंपरा आणि तिचे गृहीतक

शारीरिक शिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही नावे तोंडपाठ असतात. १९४३ ची हार्वर्ड स्टेप चाचणी बाकावर चढ-उतार करायला लावते. १९५८ च्या आफर युवा क्षमता चाचणीत उभ्याने लांब उडी, शटल रन, ५० यार्ड आणि ६०० यार्ड धाव असते. १९६८ च्या कूपर चाचणीत १२ मिनिटांत कापलेले अंतर मोजतात. भारतात २०१९ पासून राबविल्या गेलेल्या ‘फिट इंडिया’ उपक्रमाच्या शालेय चाचण्यांतही इयत्ता चौथीपासून पुढे शरीर वस्तुमान निर्देशांक, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, बसून पुढे वाकणे, अर्धे उठणे (कर्ल-अप) आणि पुश-अप यांचा समावेश आहे.

या साऱ्या चाचण्यांमागे एक न उच्चारलेले गृहीतक आहे : मेंदूची आज्ञा शरीराच्या सर्व स्नायूंपर्यंत पोहोचते आणि व्यक्ती-व्यक्तींमधला फरक केवळ सरावाचा, वयाचा व लिंगाचा असतो. मज्जारज्जूच्या इजेत हेच गृहीतक कोसळते. पोटाच्या स्नायूंना चेतना देणाऱ्या नसा प्रामुख्याने छातीच्या मणक्यांच्या खालच्या अर्ध्या भागाच्या पातळीवरून निघतात. त्याच्या वर पूर्ण इजा झालेल्या व्यक्तीला कर्ल-अपमध्ये शून्य गुण मिळतील. दंडाच्या मागच्या स्नायूला (ट्रायसेप्स) मुख्यतः मानेच्या सातव्या पातळीवरून चेतना मिळते. सहाव्या पातळीच्या पूर्ण इजेत कोपर बळाने सरळ करणेच अशक्यप्राय असते, मग पुश-अपमध्येही शून्यच. ही दोन्ही शून्ये आळसाची नव्हेत आणि सरावाच्या अभावाचीही नव्हेत. तेथे चाचणीने क्षमता मोजलेली नसून मज्जारज्जू कोठे दुखावला आहे एवढेच पुन्हा एकदा नोंदवले आहे, आणि ते वैद्यकीय कागदावर आधीच लिहिलेले असते.

शरीर वस्तुमान निर्देशांकाचेही तसेच. इजेच्या पातळीखालचे स्नायू झिजतात व त्यांची जागा मेद घेतो. परिणामी एकूण वजन फारसे न वाढताही शरीरातील मेदाचे प्रमाण वाढते. मज्जारज्जूग्रस्त प्रौढांत स्थूलतेची सीमा निर्देशांक २२ च्या आसपास धरावी, असे २००९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी सुचविले. सर्वसाधारण तक्त्यात २३ ला ‘सामान्य’ ठरणारी व्यक्ती येथे जोखमीच्या गटात असू शकते. म्हणजे एकीकडे पुश-अपची चाचणी असलेली क्षमता नाकारते, तर दुसरीकडे निर्देशांक असलेला धोका झाकतो. चूक दोन्ही दिशांनी होते.

हृदयगती : विश्वासार्ह वाटणारा साक्षीदार

चाचणी बदलली तरी हृदयगती हा निकष कायम ठेवता येईल, असा युक्तिवाद केला जातो. हाताने फिरवायचे पेडल (आर्म एर्गोमीटर) वापरावे, भार टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाची तीव्रता ठरवावी, ही पद्धत प्रयोगशाळांत रूढ आहे. पॅराप्लेजिया म्हणजे केवळ शरीराचा खालचा भाग बाधित असलेल्या आणि इजा छातीच्या मध्याखाली असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी उपयुक्तही आहे.

मात्र हृदयाचा वेग वाढवणाऱ्या अनुकंपी (सिम्पथेटिक) नसा मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या चार-पाच पातळ्यांवर बाहेर पडतात. मानेच्या पातळीवर पूर्ण इजा असेल, तर मेंदूचा या नसांवरील ताबा सुटतो. अशा व्यक्तीची हृदयगती कमाल श्रमातही सर्वसाधारणतः मिनिटाला ११० ते १३० च्या पुढे जात नाही. ‘२२० वजा वय’ या सूत्राने २० वर्षांच्या तरुणाची कमाल गती २०० धरली, तर त्याच्या सर्वोच्च प्रयत्नाला चाचणी ‘मध्यम श्रम’ असे नाव देईल. परीक्षक त्याला ‘अजून जोर लाव’ म्हणेल, आणि त्याने तर आपले सर्वस्व आधीच ओतलेले असेल. मोजमापाची ही चूक केवळ तांत्रिक राहत नाही, ती व्यक्तीच्या प्रामाणिकपणावर शंका घेणारी ठरते.

यावर उपाय म्हणून स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रम-जाणीव श्रेणी (६ ते २०) वापरली जाते. येथे व्यक्तीचे म्हणणे हाच पुरावा असतो. काही अभ्यासक तिला व्यक्तिनिष्ठ म्हणून दुय्यम लेखतात. परंतु जेथे यंत्राचा आकडा शरीराच्या स्थितीबद्दल दिशाभूल करतो, तेथे व्यक्तीच्या शब्दाला दुय्यम ठरवण्यात कोणती वस्तुनिष्ठता आहे, हा प्रश्न उरतोच.

रूपांतरित चाचण्या : उपलब्धी आणि मर्यादा

व्हीलचेअरधारकांसाठी स्वतंत्र चाचण्या नाहीत असे मात्र नाही. कूपरच्या चाचणीचे १२ मिनिटे खुर्ची ढकलण्याच्या चाचणीत रूपांतर करून १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अंतर व कमाल प्राणवायू ग्रहण यांचा संबंध दाखविला. पुढे टप्प्याटप्प्याने वेग वाढवणाऱ्या मैदानी चाचण्या आल्या. विनिक व शॉर्ट यांनी विकसित केलेली ब्रॉकपोर्ट क्षमता चाचणी (१९९९) ही १० ते १७ वयोगटासाठी असून, तिच्यात बसल्या जागी हातांवर शरीर उचलून धरणे, ४० मीटर खुर्ची ढकलणे आणि उतारावर खुर्ची चढवणे अशी घटकपदे आहेत. ‘किती वेगवान’ याऐवजी ‘रोजच्या जगण्यास पुरेसे आहे का’ असा निकषाधारित प्रश्न विचारणे, हे ब्रॉकपोर्टचे मोठे योगदान मानावे लागेल.

तरीही अंतरावर आधारलेल्या मैदानी चाचण्यांची एक मूलभूत अडचण आहे. धावणारा स्वतःचे शरीर वाहतो, तर व्हीलचेअरधारक शरीर आणि यंत्र दोन्ही वाहतो. रुग्णालयात किंवा शिबिरांत मिळणारी घडीची खुर्ची सुमारे १८ ते २० किलो वजनाची असते, क्रियाशील वापरासाठी बनवलेली हलकी खुर्ची १० ते १२ किलोची. चाकातील हवा कमी असेल, धुरा मागे असेल, आसन रुंद असेल, तर तेवढ्याच श्रमात कमी अंतर कापले जाते. हाताने चाकाचे कडे ढकलण्याची यांत्रिक कार्यक्षमता मुळातच १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, सायकलीत ती २० टक्क्यांच्या पुढे जाते. त्यामुळे दोन विद्यार्थ्यांनी १२ मिनिटांत कापलेल्या अंतरांची तुलना ही अनेकदा त्यांच्या खुर्च्यांची आणि पर्यायाने त्यांच्या आर्थिक स्थितीची तुलना असते. अंतरावरून प्राणवायू ग्रहण काढण्याचे सूत्रही ज्या गटावर, ज्या जमिनीवर तयार झाले त्याच्याबाहेर जसेच्या तसे लागू करता येत नाही.

दासगावचा चढ

प्रमाणित उताराचे प्रमाण १:१२ मानले जाते, म्हणजे १२ फूट लांबीत १ फूट उंची. व्यक्ती आणि खुर्ची यांचे एकत्रित वजन ८० किलो धरले, तर सपाट गुळगुळीत फरशीवर चाकांचा रोध साधारण ८ ते १२ न्यूटन असतो. १:१२ च्या उतारावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ६५ न्यूटन बल लागते. चढ १:६ झाला की ते सुमारे १३० न्यूटनवर जाते. म्हणजे प्रमाणित उतारदेखील सपाट फरशीच्या कितीतरी पट कठीण असतो. सेकंदाला १ मीटर या सावकाश चालण्याच्या वेगाने तो चढायचा, तर एकूण सुमारे ७५ वॅट शक्ती लागते. कार्यक्षमता १० टक्के धरल्यास त्यासाठी मिनिटाला २ लिटरहून अधिक प्राणवायू हवा. प्रशिक्षण न घेतलेल्या अनेक मज्जारज्जूग्रस्त व्यक्तींच्या हातांच्या कमाल श्रमाच्या हे पलीकडचे आहे. वेग निम्मा केला तर चढणे शक्य होते, परंतु वेळ दुप्पट लागतो.

या साध्या गणिताचा अर्थ कोकणातील प्राध्यापकास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. प्रयोगशाळेची फरशी आणि जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी यांत अंतर नुसते अंशाचे नाही. पायऱ्यांवर व्हीलचेअरची क्षमता कितीही वाढवली तरी ती शून्यच राहते. तेथे प्रश्न दंडांच्या बळाचा नसून बांधकामाचा असतो. महाविद्यालयाच्या दारात उतार नसताना विद्यार्थ्याच्या क्षमतेचा तक्ता भरणे म्हणजे इमारतीची त्रुटी विद्यार्थ्याच्या नावावर लिहिणे होय.

हवामानाचाही विचार करावा लागतो. इजेच्या पातळीखाली घाम येण्याची क्रिया क्षीण होते किंवा थांबते. त्यामुळे मज्जारज्जूग्रस्त शरीर श्रमात लवकर तापते. महाडच्या दमट हवेत अंगावर पाणी शिंपडून होणारे बाष्पीभवनही मंदावते. डिसेंबरात घेतलेल्या चाचणीशी मे महिन्यातील चाचणीची तुलना करून ‘क्षमता घटली’ असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय उन्हात घेतलेली दुसरी चाचणी धोक्याचीही आहे.

सुरक्षितता : चाचणीपूर्वीचा पहिला प्रश्न

छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या व्यक्तींत ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’ ही स्थिती उद्भवू शकते. भरलेले मूत्राशय, अडलेली नळी, बद्धकोष्ठ, घट्ट पट्टा किंवा दाबव्रण अशा साध्या कारणाने रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. व्यक्तीला ताठ बसवणे, कपडे सैल करणे, मूत्राशय रिकामे होते आहे की नाही हे पाहणे आणि वैद्यकीय मदत बोलावणे हे तातडीचे उपाय होत. हे लक्षण परीक्षकास ठाऊक नसेल, तर लाल चेहरा व घाम ही जोमदार प्रयत्नाची खूण समजली जाण्याचा धोका संभवतो. काही खेळाडू कामगिरी वाढवण्यासाठी ही स्थिती मुद्दाम ओढवून घेत असत. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यास बंदी घातली आहे.

यावरून स्वच्छ शौचालय हे क्षमता चाचणीच्या साहित्यापैकी एक ठरते. व्हीलचेअर आत जाईल असे शौचालय संकुलात नसेल, तर विद्यार्थी सकाळपासून पाणी पिणे टाळतो किंवा मूत्राशय भरलेले ठेवतो. दोन्ही स्थितींत चाचणी घेणे अयोग्य आहे. चाचणीच्या तक्त्यात या बाबीचा रकाना सहसा नसतो, ही तिच्या रचनेतील उणीव म्हणावी लागेल.

पदक आणि क्षमता : पेटकर व खडकी यांचा संदर्भ

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा मुरलीकांत पेटकर यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेल्या या सैनिकाने १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्त शैली जलतरण ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून भारताला पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. पुढे १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे मज्जारज्जूग्रस्त सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धांमागे खेळ हा उपचाराचाच भाग आहे ही दृष्टी होती. खडकीतही पुनर्वसनात खेळाला स्थान मिळाले.

पेटकरांचे उदाहरण प्रेरणादायी आहे यात शंका नाही. परंतु त्यावरून ‘इच्छा असेल तर सर्व शक्य आहे’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून घ्यावा लागतो. पोहताना खुर्ची, उतार आणि उंबरठा हे तिन्ही दूर होतात, उरते ते शरीर आणि पाणी. शिवाय त्यामागे सैन्यातील उपचार, तरणतलाव आणि प्रशिक्षण यांचे पाठबळ होते. पदक ही एका व्यक्तीची कामगिरी असते. ते इतरांच्या क्षमतेचे मोजमाप नसते आणि त्यांच्यावर ठेवायचा ठपका तर नसतेच. दासगावच्या तरुणाला खडकीसारखी व्यवस्था उपलब्ध नाही. त्याची तुलना पदकाशी न होता त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी व्हावयास हवी.

‘सूट’ या शब्दाची चिकित्सा

अशा विद्यार्थ्याला शारीरिक क्षमता चाचणीतून सूट देणे हा सर्वांत सोपा मार्ग असतो. त्यामागे सहानुभूती असते हे मान्य केले, तरी परिणाम मात्र वगळण्याचाच होतो. सूट मिळालेल्या विद्यार्थ्याची कोणतीच नोंद राहत नाही. त्याचे खांदे दुखू लागले, वजन वाढले, खुर्चीतून पलंगावर जाताना पूर्वी न लागणारी मदत लागू लागली, तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. वस्तुतः ज्याच्या खांद्यांवर चालण्याचेही काम येऊन पडले आहे, त्याच्या क्षमतेची नोंद इतरांपेक्षा अधिक काळजीने ठेवली पाहिजे.

दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० मध्ये क्रीडाविषयक उपक्रमांतील प्रभावी सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कलम ८ मध्ये नैसर्गिक आपत्तीच्या वेळी समान संरक्षणाची हमी असून, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवावी असे म्हटले आहे. दरडप्रवण परिसरात ही दोन कलमे एकत्र वाचावी लागतात. मदतीशिवाय खुर्चीत बसता येते का, किती मीटर सलग ढकलता येते, कोणत्या चढावर दुसऱ्याचा हात लागतो, या गोष्टींची नोंद क्रीडा विभागाच्या कपाटात गुणपत्रक म्हणून पडून राहिली तर तिचा उपयोग थोडाच. तीच नोंद संबंधिताच्या संमतीने पावसाळ्यापूर्वी स्थलांतराच्या आराखड्यात गेली, तर त्या आकड्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो.

एक प्रतिवाद आणि त्याचे उत्तर

प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्या स्वतःशीच करायची ठरवली तर मानके कशी तयार होणार, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षण्यासारखा नाही. संशोधनासाठी प्रमाणीकरण आवश्यकच आहे. मज्जारज्जूग्रस्त प्रौढांसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय व्यायाम मार्गदर्शक तत्त्वे अशाच प्रमाणित अभ्यासांवर उभी आहेत. आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे मध्यम ते तीव्र हृदय-श्वसन व्यायाम आणि दोनदा स्नायूबलाचा व्यायाम, असे क्षमतावाढीचे किमान प्रमाण त्यांनी सांगितले आहे. परंतु प्रमाणीकरण म्हणजे सर्वांना एकाच मैदानावर उभे करणे नव्हे. इजेची पातळी, खुर्चीचे वजन, चाकातील हवा, जमीन, तापमान यांची नोंद ठेवणे हेच येथील प्रमाणीकरण होय. त्या नोंदीशिवाय अंतर निरर्थक आहे, नोंदीसह तेच अंतर शास्त्रीय पुरावा ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. महाविद्यालयीन पातळीवर महागड्या यंत्रांवाचूनही अर्थपूर्ण चाचणी शक्य आहे. वैद्यकीय सल्ला घेऊन, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खुर्चीत, सपाट आणि सावलीच्या व्हरांड्यात ६ मिनिटांत ढकललेले अंतर मोजावे. त्यासोबत बोर्ग श्रेणी, खांदेदुखी आणि चाचणीपूर्व व नंतरचा रक्तदाब यांची नोंद व्हावी. १:१२ चा उतार चढणे आणि खुर्चीतून पलंगावर जाणे ही दोन कार्यात्मक घटकपदे जोडावीत. ८ ते १२ आठवड्यांनी त्याच स्थितीत, त्याच खुर्चीत व त्याच वेळी चाचणी पुन्हा घ्यावी. या आकड्यांवरून प्राणवायू ग्रहणाचे अनुमान काढू नये आणि दोन विद्यार्थ्यांची क्रमवारी लावू नये.

याखेरीज चाचणीच्या तक्त्यात संस्थेसाठीही रकाने असावेत. उतार आहे काय, शौचालयात खुर्ची जाते काय, ग्रंथालयाच्या दारात उंबरठा आहे काय, याची उत्तरे विद्यार्थ्याच्या आकड्यांशेजारीच लिहिली जावीत. विद्यार्थ्याचा आकडा सुधारला आणि संस्थेचा रकाना कोराच राहिला, तर त्या वर्षीच्या चाचणीत अनुत्तीर्ण कोण झाले, हे तक्ता वाचणाऱ्यास सहज कळेल.